गांवच्या पाण्याची जमाबंदी

जमिनीचा हिशेब ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कोणाचें क्षेत्र किती, आकार किती, पीक कोणतें, हें सर्व तलाठ्याच्या दप्तरीं नमूद असतें. गांव नमुना १२ मध्यें पिकाबरोबर जलसिंचनाचें साधनही लिहितात. परंतु त्या साधनांतून वर्षांत किती पाणी निघालें व मागें किती उरलें, याची नोंद त्या दप्तरांत नसते. ही उणीव भरून काढणारा जो जाणकार, त्यास पाणलोटाचा जमाखर्चनीस म्हणावयास हरकत नाहीं. त्याचें काम कसें चालतें, हें शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम जमेची बाजू. पर्जन्यमापकांतील पाऊस रोज सकाळीं ८.३० वाजतां मोजतात. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळालें, हें सूत्र प्रत्येकानें पाठ करावें. मात्र पडलेलें सर्वच पाणी आपलें नव्हे. बराच भाग ऊन, वारा व वनस्पती यांच्यायोगें हवेंत जातो. कांहीं ओढ्यानें वाहून जातो. जो जमिनींत मुरतो तेवढाच विहिरीचा ठेवा. तो विहिरीच्या पातळीवरून कळतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेते. त्यांत मे महिन्याचें व पावसाळ्यानंतरचें माप विशेष महत्त्वाचें.

उदाहरणादाखल ५०० हेक्टरांचा एक पाणलोट घेऊं. मे ते ऑक्टोबर या काळांत विहिरींची पातळी सरासरी ३ मीटर चढली. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांत झिजलेल्या खडकांतून विहिरीस मिळूं शकणारें पाणी त्याच्या आकारमानाच्या सुमारें २ टक्केच असतें. म्हणजे शिल्लक ३० कोटी लिटर झाली.

आतां खर्च. १,५०० माणसांस दरडोई रोज ५५ लिटर धरल्यास वर्षास सुमारें ३ कोटी लिटर. ८०० गुरांस रोज ४० लिटरप्रमाणें सुमारें १.२ कोटी. पुढील अवर्षणाची तरतूद म्हणून ५.८ कोटी बाजूस ठेवले, तर शेतीस २० कोटी लिटर राहतात. हरभऱ्यास हेक्टरीं सुमारें २० लक्ष, गव्हास ४० लक्ष व उसास २ कोटी लिटर पाणी लागतें. तेव्हां तेवढ्याच पाण्यांत १०० हेक्टर हरभरा, किंवा ५० हेक्टर गहूं, किंवा अवघा १० हेक्टर ऊस होईल. गांवानें काय पेरावें, हा प्रश्न याप्रमाणें आंकड्यांनीं समोर उभा राहतो.

येथेंच खरी अडचण आहे. ‘विहीर माझी, पाणी माझें’ असें पुष्कळांस वाटतें. परंतु शेतास बांध असतो; भूगर्भांतील पाण्यास तो नसतो. एकानें खोल कूपनलिका घेऊन उसास पाणी दिलें, तर मार्चांत शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते व गांवावर टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. त्यांत ज्याची विहीर उथळ व खिसा रिकामा, त्याचें नुकसान सर्वांत आधीं होतें.

यावर गांवानें काय करावें, याचा दाखला अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पाहावयास मिळतो. हा मुलूख पर्जन्यछायेंतील, पाऊस बेताचा. सरपंच श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं डोंगरावर चर खणले, नाल्यांस बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास त्यांनीं मनाई केली आणि ऊस व केळी यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें वर्ज्य केलीं. पडलेला पाऊस पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडावयाचा व त्यावरून पिकें ठरवावयाचीं, असा त्यांचा परिपाठ आहे. श्री. पवार यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. बंधारे पुष्कळ गांवांनीं बांधले; परंतु मुरलेल्या पाण्याच्या खर्चास असा लगाम थोड्यांनींच घातला, ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

हा हिशेब ठेवण्यास फार द्रव्य लागत नाहीं. एक पर्जन्यमापक, एक मापाची फीत व एक वही एवढें साहित्य पुरें. वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील कांहीं विहिरी निवडाव्या, काठावर कायमची खूण करावी व त्याच खुणेपासून दर महिन्यास, पंप बंद असतां, सकाळीं पाण्यापर्यंतचें अंतर मोजावें. खडकाचें प्रमाण गांवोगांव भिन्न असतें. तें भूजल यंत्रणेकडून समजून घ्यावें. हिशेब मात्र रब्बीच्या पेरणीपूर्वीं चावडीवर वाचून दाखवावा. बीं जमिनींत पडल्यावर मांडलेला ताळेबंद कितीही बिनचूक असला, तरी त्याचा त्या वर्षास उपयोग नाहीं.