देव करवितो, मग माणूस काय करतो?

"देव करवील तसे आपण करतो," असे पुष्कळजण म्हणतात. मग कोणी दारूत पगार उडवला, पोरे उपाशी ठेवली, तर तो दोष देवाचा का?

लोकमान्य टिळकांनी यावर खोल विचार केला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. १९१५ साली ते छापून निघाले. ते सांगतात, केल्या कर्माचे फळ चुकत नाही. पण आत्मा मूळचा स्वतंत्र आहे. तो मनाला चांगल्या वाटेला लावू शकतो.

गीतेतच पाहा. भगवंतांनी अर्जुनाला सारे समजावले. शेवटी मात्र, विचार करून तुला वाटेल तसे कर, असेच सांगितले.

पाऊस आपल्या हाती नाही, पेरणी आहे. देवाला जरूर भजा, पण आपला दोष त्याच्या माथी मारू नका.