क्ष-किरणांची चिठ्ठी आणि विम्याची अट

घरातील वडीलधारी माणसे न्हाणीघरात घसरतात, मुले सायकलीवरून पडतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा एमआरआय हे शब्द येतात. मग दोन प्रश्न उभे राहतात : ही तपासणी खरोखर आवश्यक आहे काय, आणि विमा कंपनी तिचे पैसे देईल काय? हे दोन्ही प्रश्न एकच मानले जातात, आणि आमच्या मते घोटाळा येथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरीराची लक्षणे देतात. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली घोट्याच्या दुखापतीसाठी साधे नियम मांडले. ठरावीक हाडांवर दाबले असता वेदना होत नसेल आणि रुग्ण चार पावले टाकू शकत असेल, तर बहुधा एक्स-रेची गरज नसते. डोक्याच्या माराची गोष्ट मात्र निराळी. शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या होणे, नाका-कानांतून रक्त वा पाणी येणे, ही लक्षणे धोक्याची होत. वय ६५च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर अधिकच सावध राहावे. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते आणि आरंभी रुग्ण नीट बोलतही असतो. अशा वेळी विम्याचा हिशेब मांडत बसणे जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागद देतो. बहुतेक पॉलिसींत किमान २४ तास रुग्णालयात दाखल होण्याची अट असते, आणि केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास तो खर्च वगळलेला असतो. म्हणूनच ‘एक रात्र दाखल व्हा, स्कॅनचे पैसे मिळतील’ हा सल्ला अनेकदा अंगाशी येतो. खाटेचे भाडे वाढते आणि दावाही नाकारला जातो. याउलट, त्याच दुखापतीच्या उपचारार्थ पुढे दाखल व्हावे लागले, तर आधीची तपासणीही दाव्यात धरता येते. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत ही मुदत दाखल होण्यापूर्वी ३० दिवस आणि घरी परतल्यावर ६० दिवस आहे. नव्या पॉलिसीची पहिल्या ३० दिवसांची प्रतीक्षाही अपघाताला लागू नसते.

तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी. दुखापत केव्हा व कशी झाली, कोणती लक्षणे दिसली आणि कोणत्या संशयावरून तपासणी सांगितली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. बिल, अहवाल व फिल्म जपून ठेवावी. दावा नाकारला गेल्यास पॉलिसीतील कलमासह लेखी कारण मागावे व कंपनीकडे तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास वा समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क नाही, मात्र एका वर्षाची मुदत पाळावी लागते. हे कार्यालय इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी भोपाळला, बडोदेकरांसाठी अहमदाबादला, बेळगावकरांसाठी बंगळूरला, तर हैदराबादकरांसाठी त्यांच्याच शहरी आहे.

पॉलिसीचा कागद कपाटात कुलूपबंद न ठेवता एका निवांत सायंकाळी घरातील सर्वांनी मिळून वाचावा. दुखापतीच्या घाईत तो वाचायला कोणालाच सवड नसते.