दोन शेपट्या, दोन नावं

पावसाळ्यात सेमाडोहला कधी गेलात का? परतवाड्याहून घटांगचा घाट चढून पुढे गेलं की सिपना नदीच्या काठी हे गाव लागतं. चहूकडे मेळघाटचं सागाचं रान. जुलै-ऑगस्टमध्ये इथे सगळंच ओलं असतं: सरपण, चपला, दप्तर. अर्धी भाकरी फडक्यात विसरलात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी ठरलेलीच. ती तर सगळ्यांनी पाहिलेली असते. आपल्याला आज दुसरीच एक मंडळी पकडायची आहे, आणि त्यासाठी लागतात तीळ.

आईला विचारून चमचाभर तीळ पाच मिनिटं उकळून घ्या. निवले की त्यातले चार-पाच एका जुन्या वाटीत टाका आणि वर डबक्याचं पाणी ओता. (सेमाडोहच्या मुलांनी गावातल्या डबक्याचं घ्यावं. पाहुण्यांनी घरी परतल्यावर आपापल्या डबक्याचं. व्याघ्र प्रकल्पातून काहीच उचलून न्यायचं नसतं, पाणीसुद्धा.) वाटी झाकून सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत तिळाभोवती पांढरे, रेशमासारखे तंतू ताठ उभे राहिलेले दिसतील. भिंगातून मन भरेपर्यंत बघा. झालं की वाटीत उकळतं पाणी ओतून ते फेकून द्या, हात साबणाने धुवा, आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

हीच जलबुरशी. तिळावर आलेली बहुधा सॅप्रोलेग्निया किंवा अ‍ॅकलिया असते. मेलेले किडे, पडलेल्या बिया यांवर तिचं पोट भरतं. दिसायला बुरशी, नावातही बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या कुळात हिला कोणी पाटावर बसवत नाही! खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, म्हणजे सिपनेतल्या खेकड्याच्या कवचात असतो तोच पदार्थ. जलबुरशीची भिंत असते मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची. तिचे खरे नातेवाईक मालवणच्या खडकांवर सापडतात: समुद्रातली तपकिरी शेवाळं. आणि रानात उगवणारं भूछत्र? ते जलबुरशीपेक्षा तुम्हा-आम्हाला जास्त जवळचं आहे! खोटं नाही सांगत. बुरशी आणि प्राणी यांचं कूळ वरच्या पिढ्यांत एकाच ठिकाणी जुळतं. जलबुरशीचं कूळ त्याच्या कितीतरी आधी वेगळं झालं.

आता घाट उतरून खाली येऊ. अचलपूर, मोर्शी, वरूड म्हणजे संत्र्यांचा मुलूख. इथे एखादा शेतकरी म्हणतो, “झाडाले डिंक सुटला,” तेव्हा त्याचा चेहरा बघा. जमिनीलगतची साल तडकते, तिच्यातून तांबूस डिंक पाझरतो, पानं पिवळी पडतात, खाली बारीक मुळ्या कुजतात. याला म्हणतात डिंक्या. हे काम फायटोफ्थोरा नावाच्या जलबुरशीचं. तिळावरची साधीभोळी होती. ही जिवंत झाडावर हल्ला करते. हिच्याच एका बहिणीने १८४५ पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक सडवलं आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली.

पण फायटोफ्थोराच्या जाती दोनशेच्या आसपास आहेत. आपल्या संत्राबागेत आलेली नेमकी कोणती? विदर्भात संशय तिघींवर असतो: निकोशियानी, पामिव्होरा आणि सिट्रोफ्थोरा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत यांच्यावर बरंच काम झालं आहे.

आधी चोर पकडायचा. आजारी झाडाखालची माती पेल्यात घेऊन पाणी ओततात आणि वर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या पानाचे तुकडे तरंगत सोडतात. हे आमिष. दोन-तीन दिवसांत पानाची कापलेली कड तपकिरी झाली की चोर आत शिरला म्हणायचं. मग तो तुकडा काचेच्या बशीतल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर ठेवायचा. त्या अगारमध्ये पिमारिसिन नावाचं औषध घातलेलं असतं. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्याला हे औषध चिकटतं आणि बुरशी मरते. फायटोफ्थोरा अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. त्यामुळे बाकीच्या बुरश्या संपतात आणि ही बया बशीभर मजेत वाढते. कूळ कोणतं, हा प्रश्न फक्त पुस्तकी का नाही ते आलं ना लक्षात? अर्गोस्टेरॉल किंवा कायटिन तयार होऊ न देणारी बुरशीनाशकं संत्र्याच्या बागेत कितीही फवारली तरी डिंक्या हलत नाही. म्हणून तिथे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम बुंध्याला लावतात, किंवा मेटॅलॅक्झिलसारखं या कुळासाठीचंच औषध देतात.

आता सगळ्यात गमतीचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

बशीतल्या तंतूंचा तुकडा पाण्यात ठेवला की त्यावर बीजाणूंच्या पिशव्या धरतात. एकेक पिशवी साधारण ४० मायक्रॉनची, म्हणजे २५ पिशव्या ओळीने मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. आकार पेरूसारखा फुगीर, टोकाला बारीकसं बोंड. बशी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. आधी काहीच होत नाही. मग पिशवीच्या आतला दाणेदार रस हळूहळू तुकड्या-तुकड्यांत विभागलेला दिसतो. तुकडे जागच्या जागी थरथरतात. टोकाचं बोंड विरघळतं, आणि शाळा सुटल्यावर दारात जी रेटारेटी होते ना, अगदी तशीच करत एकामागून एक बीजाणू बाहेर पडतात. बाहेर आले की सुसाट! प्रत्येकाला दोन शेपट्या. पुढची केसाळ, ती त्याला ओढते. मागची गुळगुळीत, ती दिशा सांभाळते. मुळांतून पाझरणाऱ्या रसाचा माग काढत ते पोहतात. मूळ सापडलं की शेपट्या टाकून देतात, गोल होतात, अंगाभोवती भिंत बांधतात आणि मुळात कोंब खुपसतात. तापलेल्या जमिनीवर थंड पाऊस पडून बुंध्याशी पाणी साचलं की या बीजाणूंची चंगळच. झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, असं कृषी सहायक सारखं बजावतात ते यासाठीच.

आता तिघींतली कोणती ते ठरवू. पिशवी देठासकट सहज तुटून पडते का? पडत असेल तर पामिव्होरा. बशी ३५ अंश तापमानात ठेवली तर? सिट्रोफ्थोराची वाढ थांबते, निकोशियानीला मात्र तो उन्हाळा मानवतो. वऱ्हाडाच्या उन्हात टिकायचं तर असंच असायला हवं, नाही का? शिवाय ती जाड भिंतीचे गोल बीजाणूही भरपूर बनवते, त्यांच्या जोरावर मातीत दबा धरून बसते. हल्ली डीएनए वाचून खात्री करतात, पण बशी आणि सूक्ष्मदर्शक अजून सुटलेले नाहीत.

या निकोशियानीला आपल्याकडे बरीच वर्षं दुसऱ्याच नावाने हाक मारत. बिहारमधल्या पुसा इथे तेव्हा सरकारी शेती संशोधन संस्था होती. तिथे एडविन बटलर या साहेबाच्या हाताखाली जहांगीर फर्दुनजी दस्तूर नावाचे तरुण पारशी शास्त्रज्ञ काम करत. एरंडीची कोवळी रोपं का मरतात याचा त्यांनी माग काढला आणि १९१३ साली पन्नासहून जास्त पानांचा प्रबंध छापला. आपल्याला सापडलेल्या जातीला त्यांनी नाव दिलं ‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’. पुढे ते नागपूरला आले, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून. म्हणजे आपले अमरावती-अकोला त्यांच्याच हद्दीत! इथे त्यांनी विड्याच्या पानांचे रोग अभ्यासले आणि १९३५ साली पानवेलीवरच्या प्रकाराला ‘पायपेरिना’ असं उपनाव जोडलं.

भानगड अशी, की १८९६ सालीच ब्रेडा द हान या डच शास्त्रज्ञाने तंबाखूवरच्या एका जलबुरशीला ‘निकोशियानी’ म्हटलं होतं. त्याचं वर्णन इतकं त्रोटक होतं की ती हीच का दुसरी, यावर अभ्यासक पुढे कित्येक दशकं वाद घालत बसले. अखेर १९९३ साली नीट तुलना झाली आणि दोन्ही एकच निघाल्या. नियम असा, की जुनं नाव जिंकतं. त्यामुळे आता याद्यांमध्ये वर निकोशियानी असतं आणि दस्तूरांचं पॅरासिटिका तिच्याखाली, पर्यायी नाव म्हणून. मला विचाराल तर हे थोडं अन्यायाचं वाटतं. मेहनतीने वर्णन लिहिलं एकाने, मान मिळाला दुसऱ्याला. पण प्रत्येकाने आपलंच नाव चालवलं असतं तर एकाच रोगाच्या औषधासाठी दहा नावांनी शोध घ्यावा लागला असता.

दस्तूरांचं नाव मात्र पुढे दुसरीकडेही लागलं. १९४३ साली मुंडकूर आणि खेशवाला यांनी तांबेऱ्याच्या एका प्रजातीला ‘दस्तुरेला’ म्हटलं. ही मात्र अगदी अस्सल बुरशी, कायटिनवाली. तिची दिव्हायना ही जात बांबूच्या पानांवर राहते आणि आयुष्याचा एक टप्पा गेळफळाच्या झाडावर काढते. मेळघाटात बांबू पुष्कळ आहे. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या दिसल्या, तर पान न तोडता भिंग लावून बघा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.