लोखंडाने सांधलेली काच

29 सप्टेंबर 1957 रोजी उरल पर्वताजवळच्या मायाक या सोव्हिएत अणुप्रकल्पात द्रवरूप अणुकचऱ्याची एक टाकी फुटली. थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली, आतले पाणी आटले आणि उरलेल्या नायट्रेट-अ‍ॅसिटेट क्षारांचा स्फोट झाला. असा कचरा द्रवरूपात किती काळ सांभाळायचा, हा प्रश्न टळण्यासारखा नव्हता. त्याला मिळालेले उत्तर म्हणजे काच. वितळलेल्या काचेत सीझियम-स्ट्रॉन्शियमचे अणू विरघळतात आणि तिच्या रचनेचाच भाग होतात.

पण कोणती काच? 1960 च्या दशकात अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने फॉस्फेट काचेचा मार्ग धरला. फॉस्फोरिक आम्ल द्रव असल्याने ते कचऱ्यात सरळ मिसळता येई आणि वितळायला उष्णताही कमी लागे. मात्र हा रस भट्टीलाच खाऊ लागला. अमेरिकेतल्याच हॅनफर्ड अणुकेंद्राच्या चाचण्यांत प्लॅटिनमची भांडी वापरावी लागली. तेथेच फॉस्फेटचे नाव खराब झाले आणि पुढे बहुतेक जगाने बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉन आणि सिलिकाची काच पत्करली. आपल्या तारापूरलाही तीच आहे.

बदनामीचे दुसरे कारण रचनेत होते. सिलिकेट काचेतल्या सिलिकॉनला चारही कोपऱ्यांवरचे ऑक्सिजन शेजाऱ्यांशी जोडता येतात. फॉस्फरसचा एक ऑक्सिजन दुहेरी बंधात अडकतो, त्यामुळे जोडायला तीनच उरतात. त्यात सोडियम घातले की जाळे तुटून लांब साखळ्या होतात आणि फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हे त्यांतले दुवे पाण्याने तुटतात. पाणी मृदू करायला वापरले जाणारे कॅल्गॉन मूळचे असेच सोडियम फॉस्फेट. ते पाण्यात विरघळावे म्हणूनच घालायचे. अशा काचेत अणुकचरा कोण ठेवील?

सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मात्र फॉस्फेट सोडली नाही. त्यांनी तिच्यात ॲल्युमिनियम मिसळून साखळ्या एकमेकींना बांधल्या. ज्या मायाकमध्ये टाकी फुटली होती, तिथेच 1987 मध्ये अशी काच बनवणारी विजेची भट्टी सुरू झाली. ती सुमारे वर्षभर चालली. दुसरी 1991 मध्ये पेटली. या काचेचे दुखणे उष्णतेचे आहे. ती तापून स्फटिकरूप झाली, की पाण्यातली झीज वाढते.

माझ्या मते खरे वळण 1984 चे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतील ब्रायन सेल्स आणि लिन बोटनर यांनी शिसे-फॉस्फेट काचेत लोह घातले. 90 अंश सेल्सियसच्या पाण्यात तिची झीज बोरोसिलिकेटपेक्षा सुमारे हजारपट कमी असल्याचे त्यांनी मांडले. त्या काचेलाही स्फटिकीकरणाने ग्रासले, पण लोहाचे महत्त्व सर्वांना पटले.

1990 च्या दशकात मिसूरीतील रोला येथे डेल्बर्ट डे यांच्या गटाने शिसे वगळूनच काच केली: रेणूंच्या हिशेबाने 40 भाग लोह ऑक्साइड, 60 भाग फॉस्फरस पेंटॉक्साइड. हिशेब करून पाहा. 120 फॉस्फरस अणूंमागे 420 ऑक्सिजन, म्हणजे एकाला साडेतीन. हे प्रमाण पायरोफॉस्फेटचे, म्हणजे दोन-दोन फॉस्फेट घटकांच्या जोड्यांचे. लांब साखळी उरतच नाही. जोड्यांना लोह-ऑक्सिजन-फॉस्फरस हे बंध सांधतात आणि पाण्यापुढे ते कितीतरी चिवट ठरतात. वितळताना थोडे त्रिसंयुजी लोह द्विसंयुजी होते, तरीही टिकाऊपणाला बाध येत नाही. ‘फॉस्फेट काच टिकत नाही’ हा शिक्का त्यामुळे एका विशिष्ट रचनेचा होता, सबंध कुळाचा नव्हे.

यात आपलाही संबंध येतो. तुर्भ्याच्या जुन्या कचऱ्यात पुनर्प्रक्रियेत वापरलेल्या फेरस सल्फामेटमुळे सल्फेट जास्त आहे, आणि साधी बोरोसिलिकेट ते फारसे पचवत नाही. जादा सल्फेट वेगळा थर होऊन वर तरंगते. भाभा केंद्राने बेरियम मिसळलेली बोरोसिलिकेट काढून हा प्रश्न सोडवला. लोह-फॉस्फेट काचेकडे संशोधक वळले त्यामागेही असाच नाठाळ कचरा होता: सल्फेट, क्रोमियम, मॉलिब्डेनम, जे बोरोसिलिकेटमध्ये नीट विरघळत नाहीत. अशा कचऱ्यासाठी लोह-फॉस्फेटची निवड मला योग्य वाटते. भट्टीच्या अस्तराची झीज मात्र अजूनही तिची एक मोठी परीक्षा आहे.