चेंडू झेलता झेलता मेंदू बदलतो

"मला गणित जमतच नाही" असं एखादं मूल म्हणालं की मी त्याला २००४ साली प्रसिद्ध झालेला जर्मनीतला एक प्रयोग सांगतो.

काही तरुणांना तीन चेंडू हवेत खेळवत ठेवायला शिकवलं. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला, तर हलत्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या भागात करडं द्रव्य वाढलेलं! जे शिकले नव्हते, त्यांच्यात हा बदल नव्हता. पुढचे तीन महिने सराव बंद ठेवला, तेव्हा ती वाढ बरीचशी ओसरली. म्हणजे सुट्टीनंतर पाढे विसरणारं मूल 'ढ' नसतं, त्याचा सराव तुटलेला असतो. हे पालकांनी समजून घ्यायलाच हवं.

सरावाने चेतापेशींमधले जोड पक्के होतात. पण नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं हा फार कच्चा सराव. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवून दिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा धडा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे! आठवताना होणारी दमछाक वाया जात नाही, तीच उपयोगी पडते.

शिक्षकांनो, उद्या तासाची पहिली पाच मिनिटं यासाठी ठेवा. वह्या बंद, आणि गेल्या आठवड्यातलं जे आठवेल ते कोऱ्या कागदावर. गुण मात्र देऊ नका.