दानाचा पेसमेकर आणि राज्याचे कर्तव्य

मृताच्या छातीतील पेसमेकर चितेवर ठेवता येत नाही. उष्णतेने त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो; म्हणून दहनापूर्वी तो काढावा लागतो आणि बहुधा टाकून दिला जातो. वस्तुतः त्यात कित्येकदा काही वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. ते गरिबाच्या उपयोगी पडावे, या विचारातून परदेशांत काही डॉक्टर व सेवाभावी संस्था पुढे आल्या.

महाराष्ट्राला हा प्रयोग अपरिचित नाही. अमेरिकेत मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने जमविलेल्या १२१ पेसमेकरांपैकी पुरेशी बॅटरी असलेले ५३ मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात निर्धन रुग्णांना बसविण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, त्यांत जंतुसंसर्ग वा यंत्रातील बिघाड आढळला नाही. २०२० मध्ये कॅनडातील संशोधकांनी लॅटिन अमेरिकेतील १,०५१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. पुनर्वापराच्या यंत्रांत संसर्गाचे प्रमाण २ टक्के, तर नव्या यंत्रांत १.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. अमेरिकेत हे यंत्र एकदाच वापरण्याचे मानले जाते. जे श्रीमंताला चालत नाही, ते गरिबाने का स्वीकारावे? याचे उत्तर असे की, त्याच्यापुढे निवड नव्या आणि जुन्या यंत्रांत नसते. ती जुने यंत्र आणि मृत्यू यांच्यात असते. म्हणून दात्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु निवड इतकी संकुचित का झाली, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दाता पहिला खर्च उचलतो. पुढचा आवर्ती खर्च रुग्णाच्याच माथी येतो. झरी-जामणी किंवा उमरखेडच्या शेतमजुराला यंत्र फुकट मिळाले, तरी तपासणीसाठी नागपूरला जाणे फुकट नसते. सोबतच्या माणसाची मजुरीही बुडते, आणि ती कापूस वेचणीच्या दिवसांत बुडाली तर वर्षाचे गणितच बिघडते. शिवाय जुन्या यंत्राची बॅटरी लवकर संपते. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी दाता कोठे असेल?

येथेच शासनाची जबाबदारी सुरू होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसविण्याचा समावेश आहे. विम्याची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णयही २०२३ मध्ये झाला. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्यात, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्येच मंजूर केली. म्हणजे गरिबाला नवे यंत्र मिळणे ही कृपा नव्हे. तो त्याचा हक्क आहे. मात्र कागदावरचा हक्क गावापर्यंत पोहोचविणारा कोणी हवा.

तेव्हा अपेक्षा माफक आहेत. पेसमेकरची नियतकालिक तपासणी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हावी. बॅटरी संपल्यावर यंत्र बदलून देण्याची लेखी हमी असावी. दानाचे यंत्र बसवायचेच असेल, तर ते वापरलेले आहे आणि त्याचे किती आयुष्य उरले आहे, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून नोंद ठेवावी. गावातील शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी योजनेचे अर्ज भरून देण्याचे काम आपले मानावे.

दानाने एक हृदय चालते. सारा जिल्हा दानावर चालविता येत नाही.