राकेलचा उजेड आणि ओगलेवाडीचा कारखाना

दसरा झाला कीं बालाघाटाच्या माथ्यावरील गांवें रिकामीं होऊं लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं घाटाखालीं उतरतात, आणि त्यांपैकीं कित्येकांचा मुक्काम सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडच्या आसपास, कृष्णा व सह्याद्रि या साखर कारखान्यांच्या फडांवर पडतो. पूर्वीं ही मंडळी बैलगाड्यांनीं मजल-दरमजल करीत जात, तेव्हां गाडीच्या आंसाखालीं कंदील टांगलेला असे. त्या कंदिलांत ‘प्रभाकर’ छापाचे पुष्कळ असत. तो ‘प्रभाकर’ ज्या ओगलेवाडीस घडत होता, ती वाडी कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे, हें फडावर राबणाऱ्या आपल्या बांधवांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून त्या कारखान्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कंदिलाचा पत्रा वर्षानुवर्षें टिकतो. काच मात्र एका रात्रींत जाते. पावसाचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला, किंवा वासरानें लाथ मारली, कीं काम संपलें. या नाजुक वस्तूसाठीं आपला देश ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जम या देशांच्या तोंडाकडे पाहत असे. १९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें आणि तिकडून येणारी काच एकाएकीं बंद झाली. एतद्देशीय काच कारखान्यांस संधि मिळाली ती या टंचाईमुळें. परंतु संधि साधण्यास विद्या लागते, आणि ती विद्या सुदैवानें महाराष्ट्रांत आधींच आलेली होती. अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जो ‘पैसा फंड’ उभारला, त्यांतून तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं काचेचा कारखाना निघाला होता. जपानांत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें काचेची विद्या शिकवीत, आणि गुरुनाथ प्रभाकर ओगले हे तिच्यांतच तयार झालेले गृहस्थ. शेतकऱ्याच्या व मजुराच्या पैशापैशानें उभी राहिलेली ही शाळा होती, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

१९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दींत आपला कारखाना काढिला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस आश्रय दिला. याच संस्थानच्या आश्रयानें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली होती. तेथून नांगर निघाले, येथून कंदील निघाले. एका लहानशा संस्थानानें शेतकऱ्याच्या घरांतील दोन मुख्य वस्तूंची सोय केली, हें मोठ्या संस्थानांस लाजविणारें आहे. बाळासाहेब सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते आणि कारखान्याचा कंदील ‘प्रभाकर’, म्हणजे सूर्यच! अर्थात् तें ओगले बंधूंच्या वडिलांचें नांव होतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

आरंभीं काच, आणि पुढें सबंध कंदील, असा हा क्रम आहे. कंदील बनविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. दोन्ही बाजूंस ज्या वांकड्या नळ्या दिसतात, त्या नुसत्या काचेच्या रक्षणासाठीं नसतात. वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर न येऊं देतां ज्योतीस लागणारी हवा या नळ्यांतूनच खालीं उतरते. म्हणून धांवत्या गाडीखालींहि कंदील विझत नाहीं. नळीचा एक सांधा उसवला कीं ज्योत फडफडते आणि काच काजळते. ही युक्ति अमेरिकेंत निघाली. न्यूयॉर्कचे ‘डीट्झ’ व व्हिएन्नाचे ‘डिट्मार’ हे कंदील आपल्या बाजारांत रुळलेले होते. त्यांच्याशीं टक्कर द्यावयाची म्हणजे स्वदेशीच्या नांवावर फार दिवस भागत नाहीं; अंधाऱ्या रात्रीं मळ्यांत उभ्या असलेल्या माणसास देशाभिमानापेक्षां न विझणारी ज्योत हवी असते. ‘प्रभाकर’ खेडोपाडीं पोंचला तो या कसोटीस उतरून.

आमचा बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता व १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तेथेंच राहिला. इंग्रजी हद्दींतला माल इकडे येतांना करोडगिरीचा नाका लागे. तरी नगरच्या बाजूनें कंदील येत, आणि त्यांत घालावयाचें तें राकेलहि येई. पुण्याकडे त्यास घासलेट म्हणतात; आमच्याकडे राकेलच.

श्रीमंतांच्या घरीं याच राकेलचें निराळें कौतुक चाले. स्वीडनांत लिंड्क्विस्ट यानें १८९२ सालीं ‘प्रायमस’ स्टोव्ह काढिला. टाकींत पंपानें हवा कोंडावयाची, तेल तापलेल्या बर्नरमध्यें चढून त्याची वाफ होते, आणि ती बारीक छिद्रांतून जोरानें बाहेर पडून निळी जळते. त्याच तत्त्वावर जर्मनीचा ‘पेट्रोमॅक्स’ दिवा निघाला. त्यांत ज्योतीऐवजीं जाळी तापून पांढरा लखलखाट करिते. वराती, कीर्तनें, तमाशे या बत्तीवर उजळले. परंतु पिन, वायसर, जाळी यांचा रोजचा पाठपुरावा गोठ्यांत व खळ्यांत कोण करणार? तेथें काडी लावली कीं पेटणारा कंदीलच खरा. स्टोव्हची दुसरीहि एक आठवण मनांतून जात नाहीं. ‘स्टोव्हचा भडका उडून सून भाजली’ या बातमीआड कित्येक घरांतील हुंड्याचीं पापें दडलीं. कायद्यांत हुंडाबळीचें स्वतंत्र कलम येण्यास १९८६ साल उजाडलें.

गांवोगांव वीज आली तसतसा कंदील खुंटीवर गेला, आणि पुढें ओगलेवाडीचा कारखानाहि बंद पडला. त्याचा दोष एकट्या विजेवर टाकणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. ज्या गिऱ्हाइकाचा अंधार दूर करावयाचा, त्याचा अंधार खरोखरच दूर झाला म्हणजे काय विकावयाचें, हा विचार अशा धंद्यानें वेळींच करावा लागतो.

तो विचार त्याच सातारा जिल्ह्यांत दुसऱ्या एका ठिकाणीं झाला. फलटण येथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं काढिलेल्या कृषि संशोधन संस्थेनें ‘नूरी’ नांवाचा दाबाचा, जाळीचा कंदील तयार केला. पुढें दिवा व चूल एकत्र असलेलें ‘लॅनस्टोव्ह’ हें साधन बनविलें. संस्थेचे संचालक अनिल राजवंशी यांनीं त्यासाठीं राकेलबरोबर गोड ज्वारीच्या रसापासून काढलेल्या मद्यार्काचाहि प्रयोग केला. कणसाचा दाणा माणसास, ताटाचा रस दिव्यास आणि चोथा जनावरांस! ज्वारीच्या आमच्या मुलुखास याहून जवळची कल्पना कोणती असणार? परंतु सवलतीचा गॅस व वीज यांपुढें या दिव्याचा प्रसार झाला नाहीं. २०१६ पासून ‘उज्ज्वला’ योजनेनें सिलिंडर घरोघर पोंचले आणि रेशनचें राकेल जवळजवळ नाहींसेंच झालें.

आणि तरीहि शेतांतली रात्र संपली आहे, असें नव्हे. पंपासाठीं वीज कित्येकदां रात्रींच मिळते. मध्यरात्रीं उठून दारें धरावयास जाणाऱ्याच्या हातीं आतां बॅटरी असते. तिचा उजेड पुढें लांब पडतो. पायाखालीं मात्र अंधार राहतो, आणि साप तर पायाखालींच असतो. कंदील खालीं धरला कीं चारी बाजूंचा बांध दिसे. आमच्या घरीं एक जुना ‘प्रभाकर’ अजून माळ्यावर आहे. गेल्या पावसाळ्यांत तो आम्हीं खालीं काढिला, नळ्या पुसल्या, वात बदलली. पत्रा शाबूत आहे. काच मात्र बीडच्या बाजारांत चार दुकानें हिंडूनहि मिळाली नाहीं.